एका पगारात घर चालवताना माझ्या नावावर काय असावे?

प्रश्न – गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझे वय ३४ आहे. नाशिकमधील एका कारखान्याच्या लेखा विभागात मी सात वर्षे नोकरी केली आणि धाकट्या मुलाच्या जन्मानंतर, चौदा महिन्यांपूर्वी, ती सोडली. हा निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, मनाजोगते पाळणाघर जवळपास नव्हते आणि मुलीची शाळाही सुरू होणार होती. त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही, पण पैशाच्या बाबतीत काही गोष्टी मनात घर करून बसल्या आहेत.

माझा नवरा अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. हातात ६८,००० रुपये येतात. महिन्याचा हिशोब मी वहीत मांडते. गृहकर्जाचा हप्ता १९,८००, सोसायटीचा मेंटेनन्स २,२००, किराणा, दूध आणि भाजी मिळून १६,०००, वीज, गॅस, मोबाइल आणि इंटरनेट ३,५००, पेट्रोल ३,५००, सासूबाईंची औषधे ३,०००, मुलांचा खर्च ३,००० आणि किरकोळ ४,०००. एकूण ५५,००० होतात, म्हणजे १३,००० उरायला हवेत. प्रत्यक्षात जूनमध्ये शाळेची फी भरली की खाते रिकामे होते आणि दिवाळीत पुन्हा तेच घडते. गेल्या जूनमध्ये मी माझ्या बचत खात्यातून ४०,००० काढून दिले. नोकरी सोडली तेव्हा त्या खात्यात २,१०,००० होते, आज ९५,००० उरले आहेत.

ते संपले की मैत्रिणीच्या मुलीच्या बारशाची भेट असो की माहेरच्या लग्नातला आहेर असो, प्रत्येक वेळी मला मागावे लागेल. नवरा कधीही नाही म्हणत नाही, तरी मागताना शब्द घशात अडकतो. माझ्या भविष्य निर्वाह निधीत (पीएफमध्ये) ३,६०,००० रुपये आहेत. ते काढून गृहकर्जात भरावेत, म्हणजे हप्ता हलका होईल, असे नवऱ्याचे मत आहे. कर्ज २१ लाख बाकी आहे आणि फ्लॅट लग्नाआधी घेतलेला असल्याने त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. मला काय करावे ते ठरवता येत नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – निवृत्त लेखापाल (पुणे)

ताई, हिशोब नीट मांडला आहे, पण तो बारा महिन्यांचा नाही. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे सगळे खर्च आठवून इथे लिहा. शाळेच्या फीखेरीज आणखी बरेच असतील. कोणताही सल्ला त्यानंतरच देता येईल.

प्रतिसाद – गोदाकाठ

काल रात्री दोघांनी बसून यादी केली. शाळेची फी ४६,००० आणि व्हॅन १५,०००. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी, तिखट आणि मसाला भरतो, त्याचे १८,०००. नवऱ्याची एक जुनी आयुर्विमा पॉलिसी आहे, तिचा वार्षिक हप्ता २७,००० आणि विमारक्कम ५ लाख. नऊ वर्षे हप्ते भरले आहेत. दोन गाड्यांचा विमा आणि दुरुस्ती ८,०००. घरपट्टी आणि पाणीपट्टी ६,०००. दिवाळी, लग्नकार्ये आणि आहेर मिळून ३०,०००.

प्रतिसाद – निवृत्त लेखापाल (पुणे)

बेरीज करून पाहा. ती बरोबर १,५०,००० येते. बाराने भागले की महिन्याला १२,५०० होतात. म्हणजे ज्या १३,००० रुपयांना आपण उरलेली रक्कम समजत होता, त्यांतले फक्त ५०० रुपये खरे उरलेले आहेत. बाकीचे सगळे जूनचे, दिवाळीचे आणि धान्याचे आधीच झालेले आहेत. आपल्या हातून उधळपट्टी झालेली नाही आणि जूनमध्ये काही विपरीतही घडत नाही. ज्या खर्चाची तारीख वर्षभर आधी ठाऊक आहे, त्याची तरतूद दरमहा बाजूला पडत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे. पगार जमा झालेल्या दिवशीच १२,५०० रुपये वेगळ्या बचत खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाका आणि त्या खात्याला एटीएम कार्ड ठेवू नका.

पण ५०० रुपयांवर घर चालत नाही, म्हणून पैसे वाचवण्याची पुढची जागा पाहू. वर्षाला २७,००० भरून ५ लाखांचे संरक्षण मिळते, तर कर्ज २१ लाखांचे आहे. ज्याच्या एकट्याच्या पगारावर पाच माणसे आहेत, त्याच्यासाठी हे संरक्षण फार अपुरे आहे. शुद्ध मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, याहून कमी हप्त्यात एक कोटीचाही मिळू शकतो. नवऱ्याचे वय, प्रकृती आणि तंबाखूची सवय यांवर हप्ता ठरेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवरील १८ टक्के जीएसटीही राहिलेला नाही. जुनी पॉलिसी मोडायची नसेल तर ती ‘पेड-अप’ करता येते, म्हणजे पुढचे हप्ते बंद होतात आणि पॉलिसी कमी विमारकमेसह मुदतीपर्यंत चालू राहते. मात्र नवा विमा हातात पडेपर्यंत जुन्याला हात लावू नका.

‘पॉलिसीमुळे कर वाचतो’ असे घरात कोणी म्हणेल. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर भरावा लागत नाही, आणि तुमचा पगार त्याच्या बराच खाली दिसतो. कार्यालय अजून जुन्या प्रणालीने कर कापत असेल तर तेही तपासा. हातात येणारी रक्कम तिथूनही थोडी वाढेल.

मुदत विमा घेताना अर्जातच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली तो घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यासाठी एक छोटे परिशिष्ट भरावे लागते. मग ती रक्कम पत्नी आणि मुले यांच्यासाठी विश्वस्त निधीसारखी राहते आणि नवऱ्याचे कोणतेही देणे असले तरी धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावे लागते, नंतर करता येत नाही. मी नोकरीत असताना असे अर्ज किती कमी पाहिले, याची आजही खंत वाटते.

प्रतिसाद – सह्याद्रीकन्या (कोल्हापूर)

ताई, पीएफ काढून महिला सन्मान बचत प्रमाणपत्रात टाका. साडेसात टक्के व्याज आहे आणि ते आपल्या नावावर राहते. शिवाय घरबसल्या डबे, शिकवण्या किंवा शिवणकाम सुरू करता येईल, म्हणजे मागायची वेळच येणार नाही. आमच्या गल्लीत वीस जणींची भिशी आहे, तशी एखादी लावली तर मोठी रक्कम एकदम हातात येते.

प्रतिसाद – घरचा बाबा (ठाणे)

मी स्वतः तीन वर्षे घरी आहे. माझी पत्नी एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिला पाळ्यांमध्ये काम करावे लागते. मुलाला दम्याचा त्रास असल्याने दोघांपैकी एकाने घरी राहणे आवश्यक होते आणि तिचा पगार माझ्यापेक्षा अधिक स्थिर होता, म्हणून मी राहिलो. त्यामुळे तुमच्या प्रश्नातील ‘शब्द घशात अडकतो’ हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. पुरुषाच्या बाबतीतही तो तसाच अडकतो. पहिल्या वर्षी मी केस कापायलाही दोन-दोन महिने जात नव्हतो, कारण ते पैसे ‘तिचे’ वाटत.

आमच्या घरात ही गाठ एका साध्या व्यवस्थेने सुटली. पगार आता तिच्या एकटीच्या खात्यात न येता संयुक्त खात्यात जमा होतो. त्या दिवशी तरतुदीचे पैसे बाजूला पडतात आणि लगेच दोघांच्या वैयक्तिक खात्यांत प्रत्येकी १,५०० रुपये जातात. रक्कम दोघांना सारखी असते आणि तिचा हिशोब कोणी कोणाला विचारत नाही. रक्कम लहान आहे, पण ती न मागता येते, आणि फरक तिथेच पडला. तुमच्या बाबतीत १,००० पासून सुरुवात केली तरी चालेल. पॉलिसीच्या हप्त्यातून जे वाचेल त्यातून आधी हे काढा, असे मी सांगेन.

दुसरी गोष्ट, आमचे पैसे किराण्यात कमी आणि मोबाइलवरून होणाऱ्या लहान लहान व्यवहारांत जास्त जात होते. वीस, चाळीस, साठ रुपयांची रक्कम मनात नोंदली जात नाही. आता दर सोमवारी मी भाजी, फळे आणि वरखर्चासाठी ३,००० रुपये रोख काढतो आणि ते संपले की त्या आठवड्यात थांबतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगा झोपल्यावर दोघे वही घेऊन बसतो. पत्नी थकलेली असते, तरी आम्ही हे टाळत नाही, कारण घरखर्चाची काळजी एकट्या घरी राहणाऱ्याने वाहायची आणि कमावणाऱ्याला फक्त ‘पैसे संपले’ एवढेच कळायचे, ही पद्धत दोघांवरही अन्याय करते.

संयुक्त खात्याचा विषय नवऱ्याजवळ काढणे अवघड वाटत असेल तर त्याला हे सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी १० जुलै २०२४ च्या एका निकालपत्रात लिहिले आहे की पतीने गृहिणी असलेल्या पत्नीला आर्थिक आधार द्यावा, आणि संयुक्त बँक खाते व एटीएम कार्ड हे त्याचे मार्ग म्हणून त्यांनी स्वतः नोंदवले आहेत.

सह्याद्रीकन्या यांच्या सूचनेबद्दल आदराने वेगळे मत मांडतो. दीड वर्षाचे मूल, पहिलीतली मुलगी आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी ज्या घरात आहेत, तिथे दिवसभराचे काम आधीच पूर्ण आहे. त्यावर डब्यांचा व्यवसाय लादून ‘मागायची वेळ येणार नाही’ असे म्हणणे म्हणजे आत्ताच्या कामाची किंमत शून्य धरणे होय. आवड असेल तर पुढे जरूर करावे, पण मागावे लागू नये म्हणून नव्हे.

प्रतिसाद – कासमावशी (सातारा)

बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरी लिहिते. माझे यजमान २०१६ साली अचानक गेले. सकाळी चहा घेतला, दुकान उघडायला निघाले आणि जिन्यातच कोसळले. बावीस वर्षे मी घराचा जमाखर्च पैशापैशाने लिहिला होता. दुधाचे खाडे, धोब्याचे कपडे, सगळे माझ्या वहीत होते. पण त्यांच्या ठेवी कुठे कुठे आहेत, हे मला माहीत नव्हते. मी कधी विचारले नाही आणि त्यांनी लपवले असेही नाही. तो विषयच आमच्यात कधी निघाला नाही.

मुख्य खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर होते आणि नामनिर्देशनाची (नॉमिनीची) जागा कोरी होती. बँकेने न्यायालयाचे सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा दाखला, मागितले. वकील, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, तारखा यांत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत घर माझ्या भावाने चालवले. पैसे आमचेच होते, फक्त मला हात लावता येत नव्हता. एका पतसंस्थेतली त्यांची ठेव तर पुढे बुडालीच. बँकेतल्या ठेवींना, नागरी सहकारी बँकांतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसते, हे मला तेव्हा कळले.

म्हणून सांगते, नवऱ्याच्या पगाराच्या खात्यात तुझे नाव घाल आणि दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहिलेल्याला पैसे काढता येतील असे लिहून घे. बँकेत याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणतात. प्रत्येक खाते, ठेव, पॉलिसी आणि त्याचा पीएफ यांवर नामनिर्देशन आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण बँकेच्या ठेवीवर ज्याचे नाव आहे तो पैसे स्वीकारणारा असतो, मालकी वारसांचीच राहते. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची पत्नी, मुले आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. तुझ्या सासूबाई तुझ्याजवळच आहेत आणि तुमचे चांगले असेल, तरीही दोघांनी साधे मृत्युपत्र करून ठेवा. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि नोंदणी सक्तीची नाही. आमच्या घरात या विषयाला अभद्र मानत. पण त्या न बोलण्याची किंमत मी आठ महिने मोजली.

सगळ्या कागदांची एक फाइल कर आणि ती कुठे आहे ते दोघांना माहीत असू दे.

प्रतिसाद – निवृत्त लेखापाल (पुणे)

पीएफचा प्रश्न राहिला होता. आधी एक दुरुस्ती करतो. महिला सन्मान योजना ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली आहे, तिथे आता नवी गुंतवणूक होत नाही. भिशी ओळखीच्या लोकांत विश्वासावर चालते, पण तिला कायद्याचे संरक्षण मिळत नाही, म्हणून बुडाली तरी निभावेल एवढीच रक्कम तिथे असावी.

आपली नोकरी पाच वर्षांहून अधिक असल्याने पीएफ काढला तरी तो करमुक्त आहे. न काढल्यास व्याज मिळत राहते, २०२४-२५ साठी तो दर ८.२५ टक्के होता. मात्र नोकरी सोडल्यानंतरच्या काळातील व्याज करपात्र धरले जाते. आपले इतर उत्पन्न नसल्याने त्याचा प्रत्यक्ष भार पडणार नाही.

आता कर्जात भरण्याविषयी. व्याजाच्या हिशोबाने तो विचार चुकीचा नाही, पण ताई, त्यापूर्वी दोन बाबी पाहाव्यात. तुमच्याकडे आपत्कालीन निधी नाही. सहा महिन्यांचा खर्च, वार्षिक तरतूद धरून, ६७,५०० गुणिले सहा म्हणजे ४,०५,००० रुपये होतो. नवऱ्याची नोकरी गेली तर बँक तुमचे आगाऊ भरलेले ३,६०,००० परत देणार नाही, आणि पुढच्या महिन्याचा हप्ता मात्र मागेल. दुसरे असे की, ज्या फ्लॅटवर तुमचे नाव नाही त्यात तुमची सात वर्षांची एकमेव स्वतंत्र पुंजी जाईल. इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) सहयोगी सदस्य म्हणून नाव लागले की मालकी मिळाली, असे लोक मानतात. तसे नाही. मालकीसाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते, आणि फ्लॅट गहाण असल्याने बँकेची संमतीही. नवऱ्याला आपली पुंजी कर्जात हवी असेल तर हा क्रम आधी व्हावा, असे स्पष्टपणे सांगण्यात संकोच नसावा. यात अविश्वास नाही. तुम्ही लेखा विभागात होता, कागदाशिवाय नोंद घेऊ नये हे तुम्हाला शिकवायला नको.

माझे मत विचाराल तर तूर्त पीएफ तसाच राहू द्यावा. पीएफसोबत निवृत्तिवेतनाचाही एक हिस्सा जमा होत असतो. त्यातून निवृत्तिवेतन मिळायला मात्र नोकरी दहा वर्षे व्हावी लागते, तुमची सात झाली आहेत. पुढे नोकरी करण्याची शक्यता असेल तर त्या हिश्शाची रक्कम काढू नका, त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या नोकरीचा दाखला, घ्या. मग पुढच्या नोकरीत ही सात वर्षे जोडली जातात.

आपल्या नावाने पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, खाते उघडा, वर्षाला ५०० रुपयांतही ते जिवंत राहते. नवऱ्याने पत्नीला दिलेल्या पैशांवरचे उत्पन्न एरवी नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते, पण पीपीएफचे व्याज करमुक्त असल्याने तिथे तो प्रश्न येत नाही. मुलीचे वय दहाच्या आत असल्याने सुकन्या समृद्धी खातेही २५० रुपयांत उघडेल आणि पालक म्हणून सही आपली राहील. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा व्याजदर ८.२ टक्के झाला, आणि सरकार तो दर तिमाहीला ठरवते.

नवऱ्याच्या कंपनीचा आरोग्य विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपतो, एवढेही ध्यानात असू द्या. मुदत विम्यानंतरची पहिली खरेदी स्वतंत्र कौटुंबिक आरोग्य विम्याची असावी.

प्रतिसाद – गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी नवऱ्याला पूर्ण वाचायला दिला. कासमावशींचा प्रतिसाद वाचल्यावर तो उठला आणि कपाटातली सगळी कागदपत्रे खाली घेऊन आला. त्याच्या पीएफचे नामनिर्देशन पाहिले, तर ते लग्नाआधी भरलेले होते आणि त्यात फक्त सासूबाईंचे नाव होते. नऊ वर्षांत आम्ही दोघांनीही ते एकदाही उघडून पाहिले नव्हते. कालच माझे आणि मुलांचे नाव घालून ते नव्याने भरले. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे आधीच व्हायला हवे होते.

पगाराच्या खात्यात माझे नाव घालण्याचा अर्ज शनिवारी देणार आहोत. १२,५०० ची आवर्ती ठेव या महिन्यापासून सुरू होईल. मुदत विम्याची वैद्यकीय तपासणी पुढच्या आठवड्यात आहे आणि त्या कायद्याचे परिशिष्ट अर्जासोबत जोडले आहे. वैयक्तिक खर्चासाठी प्रत्येकी १,००० ठरले. पीएफ तूर्त काढणार नाही. बक्षीसपत्राबाबत बँकेची संमती कशी मागायची, याची चौकशी नवरा स्वतः करतो आहे.

लेखापाल काका, एक विचारायचे राहिले. स्कीम सर्टिफिकेटसाठी जुन्या कंपनीकडे जावे लागेल, की अर्ज ऑनलाइन भरता येतो? माझ्या पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीखच अजून भरलेली दिसत नाही.